पोटाला वाट

आई माझ्या अंगाचा नवस बोलली, आणि तोही मला न विचारता. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्याला आज मी कृपा म्हणते, पण त्याची सुरुवात माझ्या संतापापासून झाली हे लपवण्यात अर्थ नाही. बाबांची बायपास चालू होती. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये, जिन्याच्या आडोशाला, आई चादर अंथरून बसली होती. मी उभी होते. सात तास उभी होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, पोरगी काळजीने बसत नाहीये. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल. दुपारी चारच्या सुमारास आई एकदम म्हणाली, "मी बोलले आहे महाराजांना. हे धडधाकट घरी आले की सव्वा महिन्याच्या आत तू पादुकांपुढे लोटांगण घालशील."

"मी?"

"माझे गुडघे गेलेत. मी कशी घालणार?"

"मग गुडघ्यांचं काय ते तुझं तू बोलायचंस. माझं अंग कशाला मध्ये आणलंस?"

"तुझं-माझं काय गं त्यात? माझ्याच पोटातून आलंय ना ते अंग?" एवढं बोलून आईने डोळे मिटले आणि जप पुन्हा सुरू केला.

मी पत्रकं लिहिते. सहा वर्षं हेच करते आहे. आमचा छोटा गट आहे, दिल्लीतल्या कॉलेजांत, मेट्रोच्या गेटांवर, बाजारात आम्ही उभ्या राहतो आणि बाईचं अंग कसं असावं हे तिला सांगणाऱ्या सगळ्यांविरुद्ध बोलतो. मी स्वतः जाड आहे. 'हेल्दी' म्हणत नाही, 'भरलेली' म्हणत नाही, जाड म्हणते. सरोजिनी नगरच्या बाजारात मी ठेल्याकडे नुसती वळले तरी दुकानदार लांबूनच हात हलवतो, "दीदी, आपका साइज़ नहीं आएगा." मी ओढणी घ्यायला आलेली असते. रुग्णालयात बाबांचे रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरच्या बाईने फाइल माझ्या हातात देताना मलाच वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "आप भी ध्यान रखिए, फ़ैमिली में चलता है." असं रोज. दररोज. चिडणं हे माझं काम आहे आणि ते मी चोख करते, पण त्या महिन्यात मी इतकी थकले होते की चिडायलासुद्धा जोर लागत होता.

या कामाची सुरुवात एका योगाच्या वर्गातून झाली. मैत्रिणीच्या नादाने मी गुरुग्रामला एका काचेच्या टॉवरमधल्या वर्गाला गेले होते. पुढे वाकायचं आसन आलं. माझं पोट मांड्यांवर टेकलं आणि मी तिथेच अडकले. शिकवणारी पुढून म्हणाली, "आपका पेट बीच में आ रहा है. पहले दस किलो उतारिए, फिर योगा कीजिए." सगळ्यांसमोर. शेवटी शवासन झालं, बाकीच्या टुणकन उठल्या आणि मला उठता येईना. धरायला काही नव्हतं. भिंत लांब. दोघींनी मला हात धरून ओढून उभं केलं, आणि आरशात मी पाहिलं, तिसरी हसू दाबत होती. मी घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'देह माफ़ी नहीं माँगेगी.' ते फार चाललं. लोकांनी फोटो काढून पाठवले, कॉलेजांनी बोलावलं, माझं नाव झालं. प्रत्येक अंग योगाला योग्य आहे, असं मी शेकडो मुलींना माइकवरून सांगितलं. फक्त एक सांगितलं नाही. त्या दिवसानंतर मी एकदाही जमिनीवर बसले नाही. पंगतीला नाही, धरण्याला नाही (मी उभ्याने घोषणा देते, लोकांना तो जोश वाटतो), आणि त्या कॉरिडॉरमध्ये चादरीवरही नाही. बसले तर उठताना कोणीतरी बघेल. एवढंच कारण. सहा वर्षं मी एका चादरीला घाबरत होते.

आता पादुकांबद्दल. आर. के. पुरमच्या आमच्या सेक्टरात मराठी घरं थोडी, आणि सगळी केंद्र सरकारच्या नोकरीतली. कोणाचं क्वार्टर कायमचं नाही, म्हणून देवालाही कायमची जागा नाही. दत्ताच्या लाकडी पादुका आहेत, कॉलनी नवीन असताना कोणीतरी आणलेल्या. ज्याची बदली होते किंवा जो रिटायर होतो तो पुढच्या घराला पादुका देतो. 'चार्ज देणे' असंच म्हणतात आमच्याकडे. पंखे, नळ, किल्ल्या सरकारला आणि पादुका पुढच्या घराला. दर गुरुवारी संध्याकाळी आरती. एका खोलीत पंचवीस माणसं, एक दिवाण, एक शोकेस. आरतीच्या शेवटी लोटांगणाची वेळ येते तेव्हा आम्ही सगळे तेच करतो जे बहुतेक मराठी घरांत करतात. हात जोडून जागच्या जागी उभ्याउभ्या गिरकी घेतो. तोंडाने लोटांगण, पायाने गिरकी. लहानपणी मला ही गिरकी फार आवडायची. मोठेपणी जास्त आवडायला लागली, कारण तिच्यात खाली जावं लागत नाही.

बाबा घरी आले. त्या वर्षी पादुका देवधरांकडे होत्या, आमच्या वरच्याच मजल्यावर. देवधर काकू म्हणजे अंगाने माझ्याच गोत्रातल्या, पण तोंडाने सडपातळ लोकांच्या बाजूच्या. "काय गं, बाबांच्या आजारपणात तरी जरा उतरशील वाटलं होतं," हे त्यांचं पहिलं वाक्य. बाबा दिवाणावर पडल्यापडल्या म्हणाले, "मी उतरलोय की वहिनी, सात किलो. घरातल्या एकाने उतरलं म्हणजे झालं." बाबा असेच आहेत.

बाबांना रोज सकाळी चालवायचं होतं. मी त्यांना कॉलनीच्या पार्कात न्यायचे. ते हळूहळू फेऱ्या मारायचे आणि मी बाकाजवळ उभी. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला ती बाई दिसली. साठीपुढची असेल. सलवार-कमीज, वर विटका स्वेटर, पायात पांढरे बूट आणि अंग माझ्यापेक्षाही मोठं. ती बाकाला हात टेकवून सूर्यनमस्कार घालत होती. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. वाकण्याआधी ती पाय चांगले फाकवायची, मग दोन्ही हातांनी स्वतःचं पोट धरून, एखादी पिशवी सरकवावी तसं, आधी थोडं वर, मग मांड्यांच्या मधोमध नीट बसवायची. आणि मग खाली. जाताना पुटपुटायची, "वाहेगुरू." वर येताना पुन्हा "वाहेगुरू." लाज नाही. थाटही नाही. जणू कणीक मळतेय.

मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी पत्रक देते. पिशवीत नेहमी असतात. तिने ते लांब धरून वाचलं. "देह माफ़ी नहीं माँगेगी," ती मोठ्याने म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "किससे माँग रही थी?"

मी सुरू झाले. समाज, बाजार, डॉक्टर, आरसे. ती ऐकत होती. बाक दवाने ओला होता. माझं बोलणं चालू असतानाच तिने पत्रक नीट उलगडलं, बाकावर पसरलं आणि त्यावर बसली. "काग़ज़ अच्छा है," म्हणाली. "चल, पुत्तर, झुक के दिखा."

दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर नवं पत्रक काढलं असतं. त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. मी वाकले. तिथेच अडकले, जिथे सहा वर्षांपूर्वी अडकले होते. ती उठली, माझ्या पायाला आपल्या बुटाने टोचून म्हणाली, "पैर खोल. और. अब पेट को रास्ता दे. उसको भी तो कहीं जाना है." मी माझं पोट हातात धरलं. हे लिहिताना अजून कसंतरी होतं. ज्या पोटाबद्दल मी माइकवर तासभर बोलते ते मी कधी हातात धरलं नव्हतं. आंघोळ करतानासुद्धा मी त्याला टाळूनच साबण लावायचे. ते गरम होतं. जड होतं. मी त्याला वाट दिली आणि माझे हात बाकाच्या खालच्या फळीला लागले.

त्यानंतर रोज. तिने मला कधी 'तू सुंदर आहेस' म्हटलं नाही, 'बारीक होशील' असंही म्हटलं नाही. ओढणी तळपायात अडकवून पाय कसा उचलायचा ते दाखवलं. जमिनीवर कसं जायचं तेही. बाक धर, एक गुडघा, दुसरा गुडघा, तळवे, मग कूस. उठताना उलट. पण मी गुडघ्यांपर्यंत जायचे आणि तिथेच थांबायचे. गवतावर अंग टाकायचं म्हटलं की बाक घट्ट धरायचे. "उठूँगी कैसे?" मी विचारायचे. ती म्हणायची, "उठना बाद में. पहले जाना तो सीख." बाबा फेरी मारताना आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं करायचे.

सव्वा महिना भरत आला. सोमवारी ती बाकाला टेकून मला म्हणाली, "कल नहीं आऊँगी." मला वाटलं उद्या नाही, परवा येईल. बुधवारीही आली नाही. पार्कातल्या माळ्याला विचारलं, तर म्हणाला, कोणाकडे तरी पाहुणी आली होती, गेली असेल. कोणत्या ब्लॉकमध्ये? माहीत नाही. नाव? तेही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सह्यांच्या मोहिमेत मी हजारो अनोळखी माणसांची नावं विचारली आहेत, आणि जिच्यासमोर मी माझं पोट हातात धरलं तिचं नाव मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

उद्या गुरुवार, शेवटचा. अजून माझं अंग जमिनीला लागलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी मी आईला जे म्हटलं त्याची मला खरी लाज वाटते. मी म्हटलं, "आई, बायकांनी साष्टांग घालू नये असं शास्त्र आहे. देवधर काकूंनाही विचार."

आईने पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि मग मागे वळून बघितलं. "तू कधीपासून शास्त्र मानायला लागलीस?"

"नाही, पण आहे ना तसं."

"चार वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात उभी राहून तू मला बायकांना मना केलेल्या गोष्टींची यादी वाचून दाखवली होतीस. त्यात हे होतं. मला आठवतंय." तिने गॅस बारीक केला. आवाज उतरला. "नको घालू. मी महाराजांना सांगेन, चूक माझी, मी न विचारता बोलले. पण शास्त्र नको सांगू गं मला. तू घाबरलीयेस एवढंच सांग."

मी खोलीत जाऊन पडले आणि छताकडे बघत राहिले. सहा वर्षांत कोणी मला इतक्या साध्या शब्दांत पकडलं नव्हतं.

गुरुवारी मी गेले. नवसाची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे देवधर काकांनी दिवाण आधीच बाहेर व्हरांड्यात ओढला होता. खोली एकदम मोठी दिसत होती. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती, तिच्याजवळ जाऊन मी उभी राहिले. आरती झाली. सगळे गिरकी घ्यायला लागले, आणि मी घेतली नाही. मी खुर्ची धरली. एक गुडघा. दुसरा गुडघा. आजूबाजूला गिरक्या थांबत गेल्या, टाळ थांबले. तळवे टेकले. आता पोट आडवं येणार, मला माहीत होतं, आणि पंचवीस माणसं बघत होती. मी पाय फाकवले, हाताने पोट बाजूला घेतलं, सगळ्यांसमोर, आणि त्याला वाट दिली. मग मी गेले. कपाळ फरशीला लागलं.

फरशी गार होती. उदबत्तीची राख नाकाशी आली. मी म्हणणार होते, महाराज, बाबांना बरं केलंत, नवस फेडते. ते मनात आलंच नाही. आलं ते एवढंच, की मी दमले आहे. रुग्णालयाच्या रांगा, औषधांच्या वेळा, बाजारातले हात, काउंटरवरची बाई, सहा वर्षं उभ्याने दिलेल्या घोषणा, सगळ्यांना धीर द्यायचा आणि आपण कुठेच टेकायचं नाही. ते सगळं मी खाली ठेवलं. ठेवलं म्हणजे ठरवून नाही, ते आपोआप निसटलं. माझं अख्खं वजन, एक किलोही न चोरता, मी त्या जमिनीला दिलं आणि तिने ते घेतलं. मी रडत होते हे मला फरशी ओली झाल्यावर कळलं. समोर दोन झिजलेले लाकडी तुकडे होते. तिथे कोणी होतं का? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्या क्षणी मी कोणाशीही भांडत नव्हते.

मी उठत नाही म्हणून लोकांना वाटलं प्रार्थना चालू आहे. चालूच होती म्हणा. मग डोक्यावरून देवधर काकूंचा आवाज आला, नेहमीचा नाही, कसला तरी वेगळाच. "अगं, मलाही घालायचंय. वीस वर्षं झाली. कोणी धरेल का मला?"

मी डोळे उघडले. खोलीत कोणी हललं नाही. काकू भिंतीला धरून उभ्या होत्या, चेहरा लाल. "जागा नसते म्हणून गिरकी घेतो, असं आपण म्हणतो झालं," त्या म्हणाल्या. "मला खाली जायची भीती वाटते. न्हाणीघरात एकदा बसले ती यांना शेजाऱ्यांना बोलवावं लागलं होतं."

मी कुशीवर वळले. कोपर, तळवा, गुडघा, खुर्ची. उठले. कसं उठले ते आठवतही नाही, कारण लक्ष काकूंकडे होतं. मी त्यांना खुर्चीशी आणलं. म्हटलं, "काकू, पाय फाकवा. अजून. लाजू नका. आता पोट हातात धरा आणि त्याला वाट द्या. त्यालाही कुठेतरी जायचं असतं." कोणीतरी फिसकन हसलं, मग काकूच हसल्या, आणि हसतहसत, माझा खांदा धरून त्या खाली गेल्या. कपाळ टेकल्यावर त्यांनी जो श्वास सोडला तो मी विसरणार नाही.

"आता उठायचं कसं गं?" खालूनच प्रश्न आला.

"ते नंतर, काकू. आधी जरा पडून राहा."

त्या संध्याकाळी आणखी चौघी खाली गेल्या, आणि जोशी काकाही. आई गुडघ्यांमुळे खुर्चीवरच राहिली. तिने वाकून फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आल्यावर मी आईला पार्कातल्या बाईबद्दल पहिल्यांदा सगळं सांगितलं. आई म्हणाली, "तिच्याजवळ कुत्री होती का गं? चार?" दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, म्हणून.

"आई, दिल्लीच्या पार्कात कुत्र्यांशिवाय बाक दाखव मला. दहा होती."

"दहात चार येतातच," आई म्हणाली आणि देवापुढचा दिवा सारखा करायला गेली. बाबा दिवाणावरून म्हणाले, "तिने 'वाहेगुरू' म्हटलेलं मी ऐकलंय. दोघांनी मिळून पाठवली असेल."

मी वाद घातला नाही. एरवी घातला असता. कोणी पाठवली, का आली, नेमकी तेवढेच दिवस का, याचा निकाल मला लावायचा नाही. ती कोणाची तरी सासू असेल, लेकीच्या क्वार्टरमध्ये महिनाभर राहून गावी परत गेली असेल. तिने माझं पत्रक बूड ओलं होऊ नये म्हणून वापरलं आणि त्या पत्रकात जे मला सहा वर्षं लिहिता आलं नाही ते माझ्या पायाला बुटाने टोचून सांगितलं. तिचे आभार मानायला माझ्याकडे नाव नाही, पत्ता नाही. म्हणून वाकताना मीही आता तिचाच शब्द म्हणते. देवधर काकूंना तो चालतो, म्हणजे महाराजांनाही चालत असणार.

थकवा गेलेला नाही. बाजारात हात अजून हलतात, पत्रकं अजून लिहावी लागतात, आणि मी लिहीन, कारण ज्या वर्गाने मला हाकललं तो चुकलाच होता. पण शरण जाणं म्हणजे हार, असं जे मी इतकी वर्षं धरून बसले होते ते सुटलं. आता सभेत मी आधी सतरंजीवर बसते, मुलींच्या समोर, पोटाला वाट देत, वेळ लावून. उठतानाही त्यांना बघू देते. आणि रोज सकाळी, बाबांची फेरी चालू असताना, त्या बाकाशेजारच्या गवतावर पाठ टेकून माझं सगळं वजन खाली सोडते. आजवर प्रत्येकाने मला ते किती आहे ते सांगितलं. जमिनीने अजून एकदाही विचारलेलं नाही.